दिल्ली, सप्टेंबर १८५७ : कंपनीच्या फौजेने शहर परत कसे घेतले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेमकी कोणत्या लढाईबद्दल बोलतो आहोत?

१४ ते २० सप्टेंबर १८५७ या सात दिवसांच्या लढाईबद्दल. १० मे रोजी मेरठला उठाव झाला, ११ मे रोजी तिथले शिपाई दिल्लीत शिरले आणि बहादूरशहा जफरच्या नावाने कारभार सुरू झाला. ८ जूनला बादली की सराय इथे बंडवाल्यांना मागे रेटून कंपनीची फौज शहराच्या वायव्येकडच्या खडकाळ टेकाडावर येऊन बसली. दिल्लीकर त्याला नुसतेच ‘रिज’ म्हणतात. तिथून तटावर प्रत्यक्ष चढाई करायला तिला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला.

म्हणजे तीन महिने दिल्लीला वेढा होता ना?

नव्हता. सर्वाधिक घोळ या एका शब्दाने केला आहे. वेढा म्हटला की चारही बाजूंनी नाकेबंदी आली. दिल्लीच्या तटाचा घेर सुमारे सात मैलांचा, आणि जूनमध्ये टेकाडावरच्या फौजेकडे एक बाजू धरण्यापुरतीच माणसे होती. यमुनेवरचा होड्यांचा पूल शेवटपर्यंत बंडवाल्यांच्या हातात राहिला. बख्तखान बरेलीची फौज आणि खजिना घेऊन जुलैच्या सुरुवातीला याच पुलावरून ऐटीत शहरात आला. दक्षिणेचे दरवाजे तर उघडेच होते, धान्य-भाजीपाला येत होता.

खरे पाहता अडकून पडले होते ते टेकाडावरचे गोरे. पटकी, ताप, माश्या, आणि जवळजवळ रोजचे हल्ले. सरसेनापती अ‍ॅन्सन दिल्ली दिसण्याआधीच कर्नालला पटकीने गेला. त्याच्या जागी आलेला बर्नार्ड ५ जुलैला पटकीनेच गेला. नंतरचा रीड आजारी पडून बाजूला झाला, आणि १७ जुलैला आर्चडेल विल्सनकडे सूत्रे आली. दोन महिन्यांत चौथा सेनापती.

टेकाडच का? त्याचा फायदा काय होता?

टेकाड फार उंच नाही, शहरापेक्षा साधारण साठ फूट. पण त्याच्या पाठीमागे जुनी छावणी होती, पाण्यासाठी नजफगढचा कालवा होता, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कर्नाल-अंबाल्याहून पंजाबात जाणारा रस्ता होता. तोफा, दारूगोळा, धान्य, ताज्या पलटणी, सगळे याच रस्त्याने आले. बंडवाल्यांनी हा रस्ता तोडायचे प्रयत्न केले, पण तो कायमचा तोडला कधीच नाही. आमच्या मते दिल्लीचा निकाल तटावर लागण्याआधी या रस्त्यावर लागला होता. पुढचे बरेच प्रश्न इथेच येऊन मिळतात.

टेकाडाच्या दक्षिण टोकाला, मोरी बुरुजापासून सुमारे १,२०० यार्डांवर ‘हिंदुरावाचा वाडा’ होता. बंडवाल्यांचा मारा सर्वाधिक याच ठाण्यावर झाला. ते सांभाळणाऱ्या सिरमूर बटालियनच्या ४९० गुरख्यांपैकी ३२७ जण मेले किंवा जखमी झाले.

हा हिंदुराव कोण? मराठी नाव वाटते.

मराठीच. कागलकर घाटग्यांपैकी हिंदुराव, सर्जेराव घाटग्यांचा मुलगा आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा भाऊ. बायजाबाईंची ग्वाल्हेरची सत्ता गेल्यावर तो दिल्लीत स्थायिक झाला. कंपनीचा अधिकारी विल्यम फ्रेझर याचा १८३५ मध्ये खून झाला, त्यानंतर त्याचा टेकाडावरचा बंगला हिंदुरावाने घेतला. उठावाआधीच तो वारला होता, त्यामुळे लढाईशी त्याचा काही संबंध नाही. वाड्याला नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. आज तिथे हिंदुराव रुग्णालय आहे.

दिल्लीचा तट किती भक्कम होता?

भिंत सुमारे २४ फूट उंच, बाहेर कोरडा खंदक सुमारे २५ फूट रुंद आणि २० फूट खोल, आणि ठिकठिकाणी तोफा बसवता येतील असे बुरूज. भिंत शहाजहानच्या काळची, पण बुरूज आणि खंदकापलीकडचा मातीचा उतार हे बरेचसे खुद्द इंग्रजांचे काम.

याचे कारण मराठे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजला कंपनीचा सेनापती जनरल लेक याने शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून दिल्ली घेतली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यशवंतराव होळकरांची फौज तटाखाली येऊन ठेपली. ऑक्टरलोनी आणि कर्नल बर्न यांनी मोडकळीला आलेल्या तटाआडून शहर कसेबसे राखले. पुन्हा असा प्रसंग नको म्हणून पुढच्या वर्षांत तट दुरुस्त झाला, बुरूज वाढवले गेले आणि एका बुरुजाला बर्नचे नाव मिळाले. होळकरांच्या धास्तीने बांधलेल्या त्याच बर्न बुरुजाकडे जाणाऱ्या गल्लीत १४ सप्टेंबर १८५७ रोजी हल्ल्याचे नेतृत्व करणाऱ्या जॉन निकल्सनला गोळी लागली.

तटात एक दोष मात्र राहिला होता. बाहेरचा मातीचा उतार भिंतीचा खालचा सुमारे एकतृतीयांश भागच झाकत होता. वरची उघडी भिंत जड तोफांना लांबूनही दिसत होती.

मग जूनमध्येच हल्ला का केला नाही?

ठरला होता. १३ जूनच्या पहाटे अचानक हल्ला चढवायचा बेत झाला, पण वेळेवर माणसे जमली नाहीत आणि तो रद्द करावा लागला. त्यानंतर विचार पक्का झाला तो असा : तट फोडायला २४ पौंडी आणि १८ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या) तोफा हव्यात, आणि त्या पंजाबातून येईपर्यंत थांबायचे. हलक्या मैदानी तोफांनी माणसे मरतात, चिरेबंदी भिंत पडत नाही.

दरम्यान पंजाबातून माणसे येत राहिली. मर्दानहून निघालेल्या गाइड्स पलटणीने भर उन्हाळ्यात सुमारे ५८० मैल २२ दिवसांत कापले. ऑगस्टच्या मध्यावर जॉन निकल्सन आपला फिरता दस्ता घेऊन आला.

जड तोफा वाटेत अडवता आल्या नसत्या का?

बंडवाल्यांनी तोच प्रयत्न केला आणि त्यात ते हरले. बख्तखानाची बरेलीची फौज आणि नीमचची फौज अशा दोघी टेकाडाच्या पिछाडीकडे निघाल्या. पावसाळ्याचे दिवस, सगळीकडे चिखल आणि साचलेले पाणी. २५ ऑगस्टला नजफगढला नीमचवाले एकटेच निकल्सनच्या तावडीत सापडले. बख्तखानाची फौज मदतीला आली नाही. कारण एकच नव्हते. हुकूम कोणाचा मानायचा, बादशहाचा मुलगा मिर्झा मुघल याचा की बख्तखानाचा, हा वाद जुलैपासून धुमसत होता, आणि नीमचवाल्यांना बख्तखानाच्या हाताखाली राहणे मान्य नव्हते. ४ सप्टेंबरला हत्तींनी ओढलेल्या तोफा आणि दारूगोळ्याच्या गाड्यांची लांबलचक रांग टेकाडामागे सुखरूप पोचली.

तट फोडण्याचे काम प्रत्यक्ष कसे झाले?

मुख्य अभियंता बेअर्ड स्मिथ, आणि प्रत्यक्ष आखणी त्याचा सहायक अलेक्झांडर टेलर याची. तयारीचे सामान आधी पाहू : काटक्यांच्या १०,००० मोळ्या, माती भरायच्या विणलेल्या १०,००० पोकळ टोपल्या आणि एक लाख वाळूच्या पिशव्या. उघड्या मैदानात तोफ उभी केली तर गोलंदाज तासभरही टिकत नाहीत. म्हणून रात्रीत टोपल्या रचायच्या, माती भरायची, मोळ्यांनी कडा धरायच्या, वर पिशव्या लावायच्या, फळ्यांचे तळ घालून तोफा चढवायच्या आणि उजाडायच्या आत लपायचे. आपल्याकडच्या जुन्या बखरींत याला धमधमा घालणे म्हणतात.

उत्तरेची बाजू निवडण्यात अक्कल होती. तिथे हल्लेखोरांची डावी बगल यमुनेने झाकलेली, आणि कुदसिया बाग आणि लडलो कॅसल यांच्या झाडी-भिंतींचा आडोसा. पण पहिला मोर्चा, म्हणजे तोफांचे ठाणे, मुद्दाम उजवीकडे, मोरी बुरुजासमोर सुमारे ७०० यार्डांवर घातला, ७ सप्टेंबरच्या रात्री. पहाट झाली तेव्हा तो अर्धवटच होता आणि मोरीवरून त्यावर गोळ्यांचा वर्षाव झाला. तरी काम फत्ते झाले : हल्ला उजवीकडून येणार असे बंडवाल्यांना वाटले, आणि लडलो कॅसल व कुदसिया बाग त्यांनी जवळपास रिकामी सोडली. मग पुढचे मोर्चे तिथे उठले. चारही मोर्चे असे :

– पहिला, मेजर ब्रिंडचा. उजवा भाग पाच १८ पौंडी तोफा आणि एक हॉवित्झर (गोळा उंच फेकणारी आखूड तोफ), मोरी बुरूज गप्प करायला. डावा भाग चार २४ पौंडी. पुढे डाव्या भागातल्या वाळलेल्या मोळ्यांना आग लागून तो जळाला.
– दुसरा, लडलो कॅसलजवळ, कश्मीरी बुरुजापासून सुमारे ५०० यार्ड. खिंडार पाडायचे मुख्य काम याचे : नऊ २४ पौंडी, दोन १८ पौंडी, सात हॉवित्झर.
– तिसरा, जुन्या जकातघराच्या आड, पाणी बुरुजापासून फक्त १६० यार्डांवर. सहा १८ पौंडी.
– चौथा, कुदसिया बागेत, दहा उखळी तोफा. या भिंत पाडत नाहीत, भिंतीपलीकडे कुलपी, म्हणजे पडल्यावर फुटणारे, गोळे टाकतात.

तिसऱ्या मोर्च्याचे अंतर पुन्हा वाचा. १६० यार्ड म्हणजे साधी बंदूकही पोचते. तिथे रात्री माती टाकणारे बहुतेक निःशस्त्र देशी मजूर होते आणि एकाच रात्रीत त्यांतले ३९ मेले किंवा जखमी झाले. स्मारकांवर त्यांची नावे नाहीत.

खिंडार पडले हे कसे ठरवायचे?

नुसते दुरून भगदाड दिसणे पुरेसे नसते. पडलेल्या दगडमातीचा ढीग खंदकात असा साचायला हवा की माणूस हातात बंदूक घेऊन चढू शकेल. ढीग उभा राहिला किंवा खंदकाची बाहेरची बाजू सरळ असली तर शिड्या लागतात. १३ सप्टेंबरच्या रात्री मेडली आणि लँग हे अधिकारी कश्मीरी बुरुजाच्या खंदकात उतरून बघून आले, पहारेकऱ्यांना चाहूल लागली आणि पळत सुटताना पाठीमागून गोळ्या आल्या. ग्रेटहेड आणि होम यांनी पाणी बुरुजाकडची पाहणी केली. दोन्हीकडून निरोप एकच : चढता येईल. हल्ला दुसऱ्याच पहाटेला ठरला.

१४ सप्टेंबरची योजना काय होती आणि काय चुकले?

पाच तुकड्या. पहिली निकल्सनची, कश्मीरी बुरुजाच्या खिंडारातून. दुसरी विल्यम जोन्सची, पाणी बुरुजाच्या खिंडारातून. तिसरी कॅम्पबेलची, कश्मीरी दरवाजा उडवून. चौथी मेजर रीडची (आजारी पडलेला सेनापती रीड वेगळा), टेकाडाच्या दक्षिण टोकाकडून किशनगंजमार्गे लाहोरी दरवाजाकडे. पाचवी लाँगफील्डची, राखीव. सगळे मिळून पाच हजारांच्या आसपास.

पहिली चूक वेळेची. अंधारात निघायचे होते. पण कित्येक जण रात्रीच्या पहाऱ्यावरून उशिरा परतले, आणि मधल्या काळात बंडवाल्यांनी खिंडारे वाळूच्या पिशव्यांनी बुजवली. ती पुन्हा तोफांनी उघडेपर्यंत लख्ख उजाडले.

दुसरी, चौथ्या तुकडीची. काश्मीर दरबारची फौज तिच्यासोबत होती, तोफांची व्यवस्था वेळेत झाली नाही, किशनगंजच्या भिंतीआडून जबर मारा आला, रीडच्या डोक्याला गोळी लागली आणि तुकडी मागे फिरली. चार तोफा गेल्या. उजवी बगल मोकळी पडली. बंडवाले तिथून थेट टेकाडावर जाऊ नयेत म्हणून होप ग्रँटचा रिसाला घोड्यांवर बसून सुमारे दोन तास गोळे झेलत नुसता उभा राहिला.

तिसरी चूक सर्वांत महागात पडली. पहिली-दुसरी तुकडी तटावर चढून आतल्या बाजूने काबुली दरवाजापर्यंत गेली. लाहोरी दरवाजाकडे पुढे गल्ली होती, एका बाजूला तट, दुसरीकडे घरांच्या गच्च्या, काही जागी दोन माणसे शेजारी चालतील एवढीच रुंदी. टोकाला दोन तोफा. दोन प्रयत्न फसल्यावर निकल्सन स्वतः पुढे झाला आणि पडला. २३ सप्टेंबरला तो वारला.

तिसरी तुकडी थेट जामा मशिदीपर्यंत पोचली होती. पण मशिदीचे दरवाजे बंद होते, आणि ते उडवायला ना सुरुंगाची दारू होती ना तोफ. ती कश्मीरी दरवाजाजवळच्या सेंट जेम्स चर्चपर्यंत मागे आली.

संध्याकाळी हिशेब झाला : ६६ अधिकारी आणि १,१०४ शिपाई ठार वा जखमी, आणि हाती आलेला शहराचा उत्तरेकडचा एक पट्टा.

कश्मीरी दरवाजा उडवला तो प्रसंग खरा आहे का?

खरा आहे. लेफ्टनंट होम आणि सॅल्केल्ड, सार्जंट स्मिथ आणि कार्मायकेल, बर्जेस, बिगुलवाला हॉथॉर्न आणि देशी सॅपर्स (सुरुंग लावणारे शिपाई) दिवसाढवळ्या दरवाजाकडे धावले. प्रत्येक पिशवीत २५ पौंड दारू. खंदकावरच्या पुलाच्या फळ्या काढलेल्या होत्या, उरलेल्या तुळईवरून जायचे होते, आणि दिंडी दरवाजा उघडा असल्यामुळे आतून थेट समोर गोळ्या येत होत्या. होमने पिशवी ठेवून खंदकात उडी घेतली. कार्मायकेल मेला. सॅल्केल्ड वात पेटवतानाच जखमी झाला, त्याच्याकडून वात घेतलेला बर्जेसही प्राणघातक जखमी झाला, स्मिथ कसाबसा खंदकात उडी टाकून वाचला. स्फोट झाला, पण गदारोळात तो पलटणीला नीट ऐकू आला नाही, म्हणून हॉथॉर्नला तीनदा बिगूल फुंकावा लागला.

होम, सॅल्केल्ड, स्मिथ आणि हॉथॉर्नला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सोबतच्या हवालदार माधो, हवालदार तिलोक सिंग, शिपाई रामहेत यांना तो मिळणे शक्यच नव्हते : हे पदक हिंदी शिपायांना १९११ पर्यंत खुले नव्हते. दरवाजावरच्या १८७६ च्या शिलालेखात मात्र त्यांची नावे आहेत.

मग पुढचे सहा दिवस काय झाले?

१४ च्या रात्री विल्सन माघार घ्यायच्या विचारात होता. बेअर्ड स्मिथने ठाम विरोध केला. १५ तारीख जवळजवळ वायाच गेली, कारण हाती आलेल्या पेठेत दारूची दुकाने होती आणि कित्येक गोरे शिपाई शुद्धीवर नव्हते. शेवटी बाटल्या फोडायचा हुकूम निघाला.

१६ ला शस्त्रागार पडले. आत १७१ तोफा सापडल्या. हेच ते शस्त्रागार, ज्याचा काही भाग ११ मे रोजी तिथला इंग्रज अधिकारी विलोबी याने उडवून दिला होता. १८ ला लाहोरी दरवाजाकडे पुन्हा गल्लीतून प्रयत्न झाला आणि शिपाई पुढे सरकेनात. तेव्हा टेलरची रीत कामी आली : रस्ता सोडायचा, घरांच्या सामाईक भिंती फोडत एका घरातून दुसऱ्यात जायचे आणि गच्च्या धरायच्या. १९ ला अशाच वाटेने बर्न बुरूज मागच्या बाजूने मिळाला. २० ला लाहोरी दरवाजा, जामा मशीद आणि लाल किल्ला. किल्ल्याचा दरवाजा होमनेच उडवला. पुढे १ ऑक्टोबरला मालागढचा किल्ला उडवताना तो स्फोटात गेला.

बंडवाल्यांची संख्या जास्त होती, तरी ते का हरले?

शौर्य कमी पडले म्हणून नव्हे. किशनगंज आणि बर्न बुरुजाची गल्ली याची साक्ष आहे. कमी पडल्या त्या तीन गोष्टी.

एक, दारू. ७ ऑगस्टला बेगम समरूच्या नावाच्या हवेलीत चालणारा दारूचा कारखाना उडाला. संशय बादशहाचा हकीम अहसनुल्लाखान याच्यावर गेला, त्याचे घर लुटले गेले, पण दारू परत आली नाही. दोन, पगार. शिपाई पगार मागत, दरबारकडे पैसे नव्हते, सावकारांकडून जबरदस्तीने वसुली होई आणि शहर विटत जाई. तीन, एकच सेनापती नसणे. दहा सभासदांची कारभार पाहणारी एक मंडळी स्थापन झाली होती, सहा लष्करी आणि चार मुलकी. कल्पना चांगली होती, पण तिचा हुकूम सगळ्या पलटणींनी कधीच मानला नाही. जी पलटण येई ती आपला हल्ला आपण करी. २३ जूनला, प्लासीच्या शताब्दीच्या दिवशी, दिवसभर जोरदार हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा पाठपुरावा करायला ताजी माणसे कोणी ठेवलेली नव्हती.

कंपनीकडून लढणारे सगळे गोरे होते का?

अर्ध्याहून कमी. शीख, पंजाबी मुसलमान, पठाण, गुरखे, जींदच्या राजाची फौज, काश्मीर दरबारचे शिपाई. मुंबई लष्करातली पहिली बलुच बटालियनही दिल्लीत होती. ‘हिंदुस्थान विरुद्ध इंग्रज’ एवढ्या सोप्या चित्रात हे बसत नाही आणि बसवू नये.

नानासाहेब, तात्या टोपे दिल्लीला का गेले नाहीत?

ते कानपुरात होते आणि जुलैच्या मध्यावर कंपनीचा सेनापती हॅवलॉक याने त्यांना तिथून हुसकले. जास्त विचार करण्यासारखा प्रश्न ग्वाल्हेरचा आहे. १४ जूनला ग्वाल्हेरजवळच्या मुरार छावणीतली ग्वाल्हेर कंटिंजंट, म्हणजे शिंद्यांच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांखाली ठेवलेली फौज, बिथरली. उत्तम कवायती आणि तोफा बाळगणारी ही फौज आग्रा किंवा दिल्लीवर गेली असती, तर विल्सनची पंचाईत झाली असती. जयाजीराव शिंदे आणि त्यांचे कोकणी दिवाण दिनकरराव राजवाडे यांनी पगार आणि आश्वासने देत तिला दिल्ली पडेपर्यंत ग्वाल्हेरातच गुंतवून ठेवले. पुढे नोव्हेंबरात हीच फौज तात्यांच्या हाताखाली कानपूरला लढली, तोवर दिल्ली जाऊन दोन महिने झाले होते.

बादशहाचे आणि शहराचे काय झाले?

२१ सप्टेंबरला कंपनीचा रिसालदार अधिकारी हॉडसन याने हुमायूनच्या मकबऱ्यातून बहादूरशहाला जीवाचे अभय देऊन ताब्यात घेतले. २२ ला मिर्झा मुघल, मिर्झा खिज्र सुलतान आणि मिर्झा अबू बकर शरण आले, त्यांना खूनी दरवाजाजवळ हॉडसनने स्वतः गोळ्या घातल्या. बादशहावर २७ जानेवारी ते ९ मार्च १८५८ किल्ल्यातच खटला चालला. ७ नोव्हेंबर १८६२ ला तो रंगूनला वारला.

शहर रिकामे करवले गेले आणि लूट पद्धतशीर झाली, त्यासाठी अधिकारीच नेमले होते. हिंदूंना आधी परतू दिले, मुसलमानांना बऱ्याच उशिरा. किल्ल्याभोवती ४४८ यार्डांपर्यंतची घरे, हवेल्या, मशिदी पाडून मैदान केले. जामा मशीद १८६२ मध्ये परत मिळाली. फतेहपुरी मशीद लाला चुन्नामलांना विकली होती, ती १८७७ मध्ये परत झाली. गालिब बल्लीमारानमध्ये वाचला, कारण गल्लीवर पटियालाच्या महाराजांचे पहारेकरी होते.

आज काय काय पाहता येते? कोणत्या क्रमाने?

कश्मीरी गेट मेट्रो स्थानकातून सुरुवात करा. कुदसिया बागेचे अवशेष आणि निकल्सन कबरस्तान जवळच आहेत. मग कश्मीरी दरवाजा : दोन कमानी, अंगावर गोळ्यांचे खड्डे, आणि तो शिलालेख. आत शिरल्यावर सेंट जेम्स चर्च, पुढे लोथियन रस्त्यावर शस्त्रागाराच्या दरवाजाचे अवशेष. इथवर पायी दोन तास पुरतात.

टेकाडासाठी वेगळी सकाळ ठेवा, दुपारी सावली असली तरी चढ आणि माकडे दमवतात. उत्तरेकडच्या फ्लॅगस्टाफ टॉवरपासून दक्षिणेला चालत हिंदुराव रुग्णालयापर्यंत या. पुढे १८६३ चे लाल दगडी स्मारक लागते, १९७२ पासून त्याचे नाव अजितगढ. त्यावरच्या जुन्या कोरीव लेखांत बंडवाल्यांना ‘शत्रू’ म्हटले आहे. त्याच वर्षी शेजारी फलक लागला, की ते ‘शत्रू’ म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढलेले लोक. जुने लेख पुसले नाहीत, हे बरे केले. निकल्सनचा पुतळा मात्र शोधू नका. कश्मीरी दरवाजासमोरून काढून तो उत्तर आयर्लंडमध्ये, डंगॅननच्या शाळेत नेला आहे.